दापोली-मंडणगडकडच्या माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी: स्मरणिकेत कोणाला घ्यायचं आणि लिहायचं कसं?

कोकणकन्या_ठाणे:

नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात, आतल्या बाजूला, समुद्र लांब. गावाचं मुंबई मंडळ परळला आहे, मंडळाची स्मरणिका निघणारे आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलंय. कमिटीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं असं की आधी तालुक्यातली मोठी माणसं घ्यायची, म्हणजे महर्षी कर्वे, साने गुरुजी, रँग्लर परांजपे, मग गावातले डॉक्टर-इंजिनियर झालेले, मग देणगीदारांचे फोटो, की अंक तयार.

मला हे पटत नाहीये. मोठी माणसं नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण गावात ज्यांनी अख्खं आयुष्य काढलं ती कुठे जाणार? आमच्याकडे एक सुईण होत्या, वाडीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्माला आली, माझे वडील पण, आणि त्यांचा एक फोटोसुद्धा कोणाकडे नाहीये. एक पोस्टमन होते, पावसात ओढा भरला की डोक्यावर पिशवी धरून पलीकडे जायचे. गिरणीत नवरा आणि गावाला शेत, गुरं, सासू, चार पोरं एकटीने ओढणाऱ्या बायका तर घरोघरी. त्यातल्या दोन-तीन अजून आहेत, नव्वदीच्या आसपास, म्हणजे आत्ता नाही लिहिलं तर कधीच नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. मोठ्या माणसांवर लिहायचं तर शाळेच्या पुस्तकातलं परत न छापता कसं लिहायचं? साध्या माणसांची माहिती नक्की कुठून काढायची, कारण तारखा कोणालाच आठवत नाहीत? आणि आज्यांना बोलतं कसं करायचं, त्या म्हणतात "माझं काय लिहितेस, मी काय केलंय".

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

आसूदकर:

ताई, मोठ्या माणसांना वगळू नका, फक्त त्यांच्याकडे पुण्यामुंबईतून बघण्याऐवजी गावातून बघा, बघा किती वेगळं दिसतं ते. कर्व्यांचंच घ्या. सगळीकडे तेच छापलेलं असतं, जन्म १८५८, हिंगण्याचा आश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ, १९५८ ला भारतरत्न, शंभरी पार करून १९६२ ला गेले. सगळं बरोबर, पण यात मुरूड कुठे आहे?

मुरूडमधून बघितलं तर पहिली गोष्ट म्हणजे तो पायी प्रवास. जन्म आजोळी शेरवलीला, वाढले मुरूडला, आणि त्या काळी सरकारी नोकरीसाठी जी परीक्षा लागायची ती द्यायला हा पोरगा मुरूडहून साताऱ्याला चालत गेला, मित्रांबरोबर, सह्याद्री चढून, शंभरावर मैल. तिथे पोचल्यावर परीक्षा कमिटीचे साहेब म्हणाले हा सतरा वर्षांचा दिसतच नाही, अंगानेच बारका ना, दाखला दाखवला तरी ऐकलं नाही, परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परत. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आता तुम्हीच विचार करा, आपल्याकडून साताऱ्याला आज एसटीने जायचं तरी माणूस कंटाळतो. तुमच्या गावच्या पोरांना कर्वे जवळचे वाटायचे असतील तर विद्यापीठाच्या आधी हा प्रवास सांगा, कुठल्या वाटेने गेले असतील, घाट कुठला, मुक्काम कुठे पडले असतील, गावातल्या म्हाताऱ्यांना जुन्या पायवाटा अजून माहीत असतात त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे पण ती टाळू नका. ११ मार्च १८९३ ला कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. ही बातमी मुरूडला पोचली आणि गावातल्या ब्राह्मणांची सभा भरली, कर्व्यांवर बहिष्कार, आणि ते गावी आले तर घरात घेणाऱ्यावरही बहिष्कार. म्हणजे ज्या गावावर त्यांचा एवढा जीव होता त्याच गावाने दार लावलं. पण त्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांची आई होती, भाऊ होते. पोटच्या पोराला घरात घ्यायचं तर वाळीत पडायचं, नाही घ्यायचं तर काय, हे त्या माऊलीने कसं सोसलं असेल? चरित्रात या माणसांच्या वाट्याला दोन ओळी येतात. तुमच्या स्मरणिकेत दोन पानं येऊ देत.

रँग्लर परांजप्यांचं पण तसंच. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे, १८७६ चा जन्म, कर्व्यांच्या नात्यातले, १८९९ ला केंब्रिजला गणितात पहिले आले, सीनियर रँग्लर, त्याआधी एकाही भारतीयाला ते जमलं नव्हतं. पण त्यांच्या शाळेची काही वर्षं कर्व्यांच्या घरात राहून झाली. मुंबईतल्या त्या घरात गावाकडची मुलं शिकायला असायची आणि त्या सगळ्यांचं जेवणखाण बघणाऱ्या राधाबाई, कर्व्यांची पहिली बायको, १८९१ ला अगदी तरुणपणी वारल्या. र. धों. कर्वे, म्हणजे 'समाजस्वास्थ्य' काढणारे, ते यांचेच चिरंजीव. राधाबाईंनी भाकरी घातली नसती तर त्या पोरांचं काय झालं असतं? मला वाटतं तुमच्या यादीत त्यांचं नाव परांजप्यांच्या आधी यायला पाहिजे.

वणंदचा_वाटसरू:

आसूदकर, छान लिहिलंत, पण माफ करा, तुमची सगळी माणसं एकाच आळीतली झाली. ताई, कमिटीची यादी पण बघा, तिन्ही नावं त्याच आळीची. दापोली तालुका एवढाच आहे का?

वणंद दापोलीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे १८९८ ला रमाबाई जन्मल्या, बाबासाहेबांच्या रमाई. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवायचे, त्यावर घर चालायचं. आई लवकर गेली, मग वडील गेले, काका पोरांना घेऊन मुंबईला गेले. १९०६ ला भायखळ्याच्या बाजारात लग्न लागलं, रात्रीच्या वेळी, बाजार उठल्यावर, कारण हॉल घ्यायची ऐपत कोणाची होती. रमाई तेव्हा नऊ वर्षांच्या आसपास. पुढे बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला गेले, मग लंडन, आणि इकडे या बाईने मुंबईत चाळीच्या खोलीत काय दिवस काढले. पोटची चार मुलं गेली, एकटे यशवंतराव राहिले. १९३५ ला रमाई गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं पुस्तक त्यांना अर्पण केलंय ते उगाच नाही. टोपलीवाल्या हमालाची लेक ती, आपल्या तालुक्याची. तिला तुम्ही मोठी माणसं या विभागात घालणार का साधी माणसं या विभागात? माझं तर म्हणणं हे दोन विभागच करू नका, सगळी आयुष्यं एकाखाली एक लावा, जन्मसालाप्रमाणे लावा हवं तर.

दुसरे गोपाळबाबा वलंगकर. मूळ महाडकडचे, रावढूळचे, पलटणीत नोकरी केली, १८८६ ला पेन्शन घेऊन दापोलीत राहिले. दापोलीला जुनी माणसं कॅम्प म्हणतात ना, ते इंग्रजांच्या छावणीमुळे, तिथे पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर बरेच राहायचे, त्यात महार सैनिक खूप. वाचता-लिहिता येणारी, जग बघितलेली माणसं ती. गोपाळबाबा फुल्यांच्या विचारांचे, 'दीनबंधू'त लिहायचे, आणि १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं, अस्पृश्यता कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवा म्हणून थेट प्रश्न विचारले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, म्हणजे त्याच्याही आधी आपल्या दापोलीत बसून हा माणूस हे लिहीत होता! पुढे सैन्यात महारांची भरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज करायची खटपट सुद्धा यांनीच केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते.

आणि ताई, कुळांचं विसरू नका. आपल्या भागात खोत कोण, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनवाले, आणि कूळ कोण, म्हणजे ती जमीन कसणारे, हे प्रत्येक वाडीला माहितीये. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती बंद करायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. या मधल्या काळात तुमच्या गावात कोण कोणाच्या शेतात राबलं, मक्ता किती द्यावा लागायचा, वेठ कोणाची, हे सांगणारं अजून कोणीतरी असेल. खोतांच्या घरातल्यांना पण विचारा, दोन्ही बाजू घ्या. भांडण होईल म्हणून कमिटी नको म्हणेल. तरी घ्या.

कोकणकन्या_ठाणे:

वाटसरूदादा, अगदी पटलं, विभाग काढून टाकते. वलंगकरांबद्दल मला फक्त नाव माहीत होतं. आमच्या गावच्या बौद्धवाडीत एका काकांकडे पणजोबांची पलटणीची कागदं आहेत असं ऐकलंय, या शनिवार-रविवारी जातेय.

बाकीच्यांनी तारखा आणि कागदपत्रं यावर सांगा ना कोणीतरी.

निवृत्त_गुरुजी_खेड:

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, तेव्हा जे माहितीये ते सांगतो.

सगळ्यात आधी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, मंडळाच्या लेटरहेडवर, ते दाखवतील. नाव, जात, जन्मतारीख, कधी दाखल झाला, कधी शाळा सोडली आणि का सोडली हे त्यात असतं. शेवटचा रकाना नीट वाचा. "मुंबईस गेला", "घरकामासाठी", "गैरहजर सबब नाव कमी" असे शेरे असतात, त्या एका ओळीत अख्खं आयुष्य वळलेलं असतं. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा दिसेल. जूनमध्ये शाळा सुरू, वय बसलं पाहिजे, आईबापाला तारीख ठाऊक नाही, मग मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे, महाराष्ट्रभर हेच. तेव्हा छापताना "शाळेच्या नोंदीप्रमाणे" असं लिहा.

मग तलाठ्याकडचे सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी. बाईचं नाव शोधायचं असेल तर फेरफारमध्येच सापडेल, कारण जुन्या सातबाऱ्यावर बाईचं नाव यायचं ते बहुतेक नवरा गेल्यावर वारस म्हणूनच. माहेरचं नाव तर कुठेच नसतं, ते तिलाच नाहीतर तिच्या भाचरांना विचारावं लागतं. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून जमिनी कुळांच्या झाल्या त्याचे फेरफार पण बघा, वाटसरूंनी जे विचारलंय त्याचं उत्तर तिथे मिळेल. याशिवाय तुमच्या मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या आणि सभेची इतिवृत्तं. कोणाच्या मयताला किती रुपये पाठवले, देवळाच्या कौलांसाठी कोणी किती वर्गणी दिली, हे सगळं त्यात असतं आणि ते कोणी वाचत नाही.

आता वर्षं कशी काढायची. म्हाताऱ्या माणसाला साल विचारूच नका, मोठी घटना विचारा. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं पहिलं पोर केवढं होतं?" हे त्यांना पक्कं सांगता येतं, कारण ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सगळं कोकण घराबाहेर पळालं होतं. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८. आणि अलीकडचं निसर्ग वादळ, ३ जून २०२०. या खुंट्यांना आयुष्य टांगत गेलं की पाच-दहा वर्षांची चूक एक-दोन वर्षांवर येते. घरातली लग्नं, गावात पहिली एसटी कधी आली, वीज कधी आली हे पण जोडून घ्या, ते ग्रामपंचायतीत किंवा जुन्या सरपंचांकडे कळेल.

अजून एक विनंती. साने गुरुजी घ्याल तेव्हा पालगडच्या त्यांच्या आईवर, यशोदाबाईंवर लिहा. त्या १९१७ ला वारल्या, बाहेरच्या जगाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, आणि १९३३ मध्ये मुलाने नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहिलं तेव्हा पालगडची एक सामान्य कर्जबाजारी घरातली बाई महाराष्ट्रभर पोचली. माझ्या वर्गात मी मुलांना सांगायचो, तुमच्याही घरात अशी कोणी आहे का, चार ओळी लिहून आणा. काय एकेक लिहून आणायची पोरं! एका मुलीने लिहिलं होतं की आजी रात्री भाताच्या कणगीत हात घालून बघायची, किती तळ लागलाय ते, आणि मग ठरवायची उद्या भात का नाचणी.

गिरणगावातला:

गुरुजी, ती कणगी वाचून आमची आजी आठवली.

ताई, तुमचं मंडळ परळला म्हणजे गावकीची खोली असणारच, निदान पूर्वी तरी होती ना? आमच्या गावची लालबागला होती, दहा बाय बाराची, आणि तिच्यात पाळीप्रमाणे माणसं. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी, बस्स, एवढीच मुंबईतली मालमत्ता. जेवायला खानावळ, आणि ती चालवणारी पण गावाकडचीच कोणीतरी बाई, नवरा गिरणीत, आणि ही पंधरा-वीस जणांचे डबे करतेय, महिन्याच्या पगारावर उधारी. या खानावळवाल्या बायकांना सावकार लुटायचे, त्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तुमच्या गावची एखादी खानावळवाली नक्की सापडेल, तिला शोधा, कारण गावातल्या शंभर पुरुषांची मुंबई तिच्या ताटावर उभी होती.

माझे आजोबा सूतखात्यात होते. आजी कायम गावाला. वर्षात गणपतीला आणि शिमग्याला भेट, तीही रजा मिळाली तर. मी मोबाईल समोर ठेवून आजीला विचारलं, आजी, तुझं आयुष्य कसं गेलं, तर ती म्हणाली "गेलं तसं गेलं" आणि उठून गेली. मग दुसऱ्या दिवशी मी नुसतं विचारलं की मनीऑर्डर घेऊन पोस्टमन यायचा तेव्हा तू कुठे असायचीस. आणि ती जी सुरू झाली! म्हणे पोस्टमन वाडीत शिरला की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, पैसे असले का तो लांबूनच हसायचा, नसले का मान खाली घालून बांधावरनं निघून जायचा. मग पैसे आल्यावर कोणाचे किती, दुकानदाराचे किती, सासूच्या हातात किती, आणि स्वतःसाठी म्हणून चार आणे ती चुलीमागच्या फळीवर डब्यात ठेवायची, ते कशासाठी तर माहेरी कोण आजारी पडलं तर एसटीला. हे सगळं आमच्या वडिलांना सुद्धा माहीत नव्हतं.

तेव्हा माझा सल्ला एकच, आयुष्य विचारू नका, वस्तू विचारा, जागा विचारा. जातं कुठे होतं, पाणी कुठून आणायचात, पेरणीआधी शेतात राब भाजायला कोण कोण जायचं, पहिली चप्पल कधी घातलीस. एका वस्तूतून दुसरी निघत जाते. आणि चार बायका एकत्र बसवा, एकटी बोलत नाही, पण दुसरीने काही चुकीचं सांगितलं की लगेच "असं नव्हतं ते" करून सुरू होते.

१९८२ चा संप मात्र जपून विचारा. अडीच लाखाच्या आसपास कामगार होते त्यात, आणि आपल्या भागातल्या किती घरांची त्याने दैना केली ते सांगायला नको. आजोबा गावाला परत आले ते परत काही मुंबईला गेलेच नाहीत, आणि त्या विषयावर शेवटपर्यंत बोलले नाहीत. आजी बोलली, ते गेल्यावर. पण कागद मात्र सगळे ठेवले होते त्यांनी, हजेरीचं तिकीट, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरताना ते कामाला आले. त्यामुळे बऱ्याच घरांत ही कागदं अजून जपलेली असतात, विचारा, तिथून गिरणीचं नाव, खातं, लागल्याचं साल सगळं मिळतं.

दर्याकाठची_लेक:

सगळे गिरणीचं आणि डोंगरातल्या गावांचं बोलतायत, म्हणून बंदरपट्टीचं मी सांगते. ताई, तुमच्या गावाला समुद्र नसला तरी तुमच्या आठवडी बाजाराची सुकी मासळी आमच्याकडनंच येत होती ना, मग आमच्यातलीही एखादी घ्या स्मरणिकेत.

आम्ही हर्णैकडचे, कोकणी मुसलमान. माझे आजे, अब्बा, दोन्ही चाचा, सगळे जहाजावर. दाभोळ, हर्णै, बाणकोट या पट्ट्यात घरटी एक तरी खलाशी असायचाच, आमच्यात, भंडाऱ्यांत, कोळ्यांत, खारव्यांत. आजे इंजिनखान्यात आगवाला होते, कोळशाच्या जहाजांवर, भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचं काम, आणि दादी सांगायची की ते घरी आल्यावर पण उकडतंय म्हणून बाहेर अंगणातच झोपायचे, थंडीत सुद्धा. अब्बांच्या वेळी तेलाची जहाजं आली आणि मग गल्फ. त्यांची सीडीसी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक आमच्याकडे आहे, त्यात कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, कुठल्या बंदरात, सगळे शिक्के. खलाशाचं आयुष्य लिहायचं तर त्याच्याइतका पक्का कागद दुसरा नाही, गुरुजींच्या यादीत तो जोडा.

पण त्या पुस्तकात अम्मी नाही. अम्मीचं सगळं कॅसेटमध्ये आहे. तेव्हा फोन कुठे होते, पत्र लिहायला अम्मीला जमायचं नाही, तर गल्फमधनं कोणी येणार असलं की अब्बा टेप भरून पाठवायचे, आणि अम्मी पण इकडून भरून पाठवायची. संध्याकाळी दार लावून टेपरेकॉर्डरसमोर बसायची आणि आमच्या बोलीत सुरू, आंबा किती धरलाय, कोणाच्या पोरीचं जमलं, घराची कौलं फुटलीत, पोरगी तुमचं नाव घ्यायला शिकली, ऐका, आणि मग मला पुढे ढकलायची. मागे कोंबड्यांचा आवाज येतो. एका टेपमध्ये ती मध्येच गप्प होते, टेप चालूच आहे, आणि मग एकदम म्हणते की आता पुरे झालं, या घरी. अब्बांनी त्या टेपा तिकडून परत आणल्या, एकही पुसली नाही, नाहीतर लोक त्याच टेपवर परत भरायचे. तर ताई, तुमच्या गावातले कोणी आखातात गेले असतील तर टेपा विचारा नक्की.

दुसरं म्हणजे बाजारातल्या बायका. हर्णैच्या बंदरावर लिलाव होतो तो सगळ्यांना माहितीये, टुरिस्ट फोटो काढून जातात. पण बोटी किनाऱ्याला लागू शकत नाहीत म्हणून मासळी होडीने आणि बैलगाडीने पाण्यातून वर यायची, आणि मग त्या पाट्या डोक्यावर घेऊन आमच्याकडच्या कोळणी दापोलीपर्यंत चालत जायच्या, चढाची वाट, त्यांच्या पायाकडे बघा एकदा. वाटसरूदादांनी रमाईंच्या वडिलांचं लिहिलंय ना दाभोळच्या टोपल्यांचं, ते काम कसं होतं ते अशा कोणाला विचारलंत तर कळेल, ओली पाटी डोक्यावरून पाणी गाळत असते, मानेवरून खाली, दिवसभर.

कोकणकन्या_ठाणे:

वाचून अंगावर काटा आला. गिरणगावातले दादा, वस्तू विचारायचं एकदम पटलं, मी आमच्या आजीला कालच फोनवर विचारलं की पाणी कुठून आणायचीस, तर पाऊण तास बोलली, आणि विहिरीवर कोणाला चढू देत नव्हते हे पण तिनेच सांगितलं, मी न विचारता.

आता एक अडचण. निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांची छपरं उडाली, कागद भिजले, आता ते एकमेकांना चिकटून ठोकळा झालेत. आणि दुसरं, कोणाच्या घरातलं काय छापायचं आणि काय नाही हे कोणी ठरवायचं? एका आजीने सवतीबद्दल सांगितलंय, नातवंडं म्हणतात नको.

निवृत्त_गुरुजी_खेड:

चिकटलेले कागद ओढून सोडवायला जाऊ नका, फाटतील. पुन्हा ओलेही करू नका आणि उन्हातही ठेवू नका, शाई उडते. कडा जिथे सुटतायत तिथूनच बोथट पट्टीने हलक्या हाताने, आणि न सुटणारे तसेच सावलीत ठेवून जाणकाराला दाखवा, पुण्यामुंबईत पुराभिलेखागारात अशा कामाची माहिती असणारी माणसं असतात. जेवढं वाचता येतंय त्याचे फोटो आजच काढून ठेवा, दोन ठिकाणी.

छापायचं काय ते ज्याचं आयुष्य आहे त्याने ठरवायचं, नातवंडांनी नाही. लिहून झालं की आजींना मोठ्याने वाचून दाखवा, सगळं, आणि त्या म्हणतील ते वाक्य तिथल्या तिथे काढा. आजी ठेव म्हणाल्या आणि नातवंडं नको म्हणाली तर सवतीचं नाव गाळा, तिचीही पोरंबाळं असतील गावात, पण आजींचं सांगणं ठेवा.

वणंदचा_वाटसरू:

विहिरीचं ते मात्र गाळू देऊ नका कोणाला. आणि ते फक्त तुमच्या आजीच्या तोंडून नको, बौद्धवाडीत शनिवारी जाताय ना, तिथल्या आजींना पण तोच प्रश्न विचारा, पाणी कुठून आणायचात. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा. मी दापोलीतच असतो, पलटणीचे कागद मोडीत असतील तर वाचून देणारे एक जण माझ्या ओळखीत आहेत, मला इथेच खाजगी निरोप पाठवा.

दर्याकाठची_लेक:

हो ताई, आणि टेपा कोणाकडे मिळाल्या तर लगेच लावून बघू नका. कोकणातल्या हवेत बुरशी धरते, जुन्या प्लेयरमध्ये घातली की पट्टी अडकते आणि तुटते. आमची एक अशीच गेली. मग मुंबईत एकांकडून बाकीच्या साफ करून मोबाईलवर घेतल्या, त्यांनी आधी पट्टी हाताने सावकाश पुढे-मागे फिरवून मोकळी केली, मगच लावली. अम्मीच्या टेपेतली दोन-तीन मिनिटं मी लिहून काढते, आमच्या बोलीतच, ती स्मरणिकेत चालेल का ते सांगा, तिला विचारलंय, ती हो म्हणालीये, फक्त कोंबड्यांचं पण लिही म्हणते, त्या कोंबड्या विकून माझी फी भरली होती.